आदी जेव, मगे काय तो राग कर

मला एका माणसाचे आभार मानायचे आहेत आणि तो कोण, कुठला, बाई की बुवा, काही म्हणता काही मला ठाऊक नाही. टीव्हीवरच्या एका मालिकेतला माझा इवलासा तुकडा त्याने कापला आणि मोबाईलवर सोडून दिला, एवढंच त्याचं काम. सुरुवातीला मी त्याला भरपूर शिव्या घातल्या. मालवणी बाईच्या शिव्या त्या, वाया जाणाऱ्या नव्हेत. त्या दिवसांत त्याला उचक्या लागून पुरेवाट झाली असणार. त्या सगळ्या शिव्या मी आता परत घेते.

आधी आमच्या घरचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. आमचं घर मालवणपासून थोडं आत. भातशेती, मागे डोंगरउतारावर काजू, दारात थोडी कलमं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू, सासरे, आमचे हे आणि धाकटा दीर. दीर गोड माणूस, पण राग नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या डोक्यात केळीने घर केलेलं. खालच्या मळ्यात भात लावण्यापेक्षा केळी लावूया, म्हणून तो वडिलांच्या मागे लागला होता. आमच्या ह्यांना ते मुळीच पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, मळ्यात भात लावला तर आपण शेतकरी, नाहीतर कोण?

एका दुपारी सगळे पुरुष जेवायला बसले होते. मी डाव घेऊन वाढायला उभी. केळीचा विषय निघाला, आवाज चढले आणि आमचे हे त्याच्या ताटाकडे बोट करून म्हणाले, "ह्या भातात तुझो घाम खंय आसा?"

आता मला सांगा, माणसाला काय वाट्टेल ते बोला, पण जेवताना बोलावं? आमच्याकडे भिकाऱ्यालाही ताटावर बसल्यावर कोणी बोलत नाही. दीर ताठ उठला. ताटात भात तसाच, वर आमटी, वाफ निघत होती. म्हणाला, "ह्या घरातला शीत परत तोंडात घालूचंय नाय." चपला घातल्या आणि चालू पडला. त्याला थांबवावं म्हणून माझे ओठ शिवशिवत होते. पण सासरे बसलेले, सासूबाई बसलेल्या, आणि मी हळद न उतरलेली सून. त्यांच्यापुढे नव्या सुनेने तोंड उघडायचं नसतं. सासूबाईंनी ते ताट झाकून दिवेलागणीपर्यंत ठेवलं. मग गाईला घातलं.

दीर दोडामार्गला जाऊन राहिला. तिथून रोज बसने गोव्यातल्या एका कंपनीत कामाला जायचा. तिथेच लग्न केलं, जमिनीचा तुकडा कसायला घेतला आणि त्यात, अर्थातच, केळी लावली. घरी येणं त्याने तोडलं नाही. सासरे गेले तेव्हा आला, सासूबाई गेल्या तेव्हा आला, मुलासारखा मुलगा म्हणून सगळं केलं. पण जेवला नाही. आईच्या तेराव्याच्या पंगतीत त्याचं पान मांडलं होतं, ते तसंच राहिलं. पाणीसुद्धा शेजारच्या घरी जाऊन प्यायला. दोघा भावांत बोलणं म्हणजे "येतंय" आणि "बरा" एवढंच. आणि मी इतकी वर्षं दर दिवशी जेवायची ताटं घेताना मनात म्हणायची, बाबा रे, हा माणूस ह्या घरात एकदा जेवू दे. देवाकडे दुसरं मागणंच नव्हतं माझं.

तर ही झाली घरची गजाल. आता मालिकेची.

आमच्या गावात शूटिंग आलं. एका मोठ्या घराच्या पडवीत त्यांनी ठाण मांडलं आणि आमच्या बचत गटाला जेवणाचं काम दिलं. मालिकेत जेवणाची पंगत होती. दिग्दर्शक एक दाढीवाला, फार आर्जवी मुलगा होता. तो म्हणाला, "काकू, तुम्हीच वाढायला उभ्या राहा ना, तुमचा हात सराईत आहे." मला काय, वाढणं तर वाढणं! त्याने समजावून सांगितलं: घरातला मुलगा बापाशी भांडतो, भरल्या ताटावरून उठतो आणि घर सोडून जातो. बायकांनी फक्त बघायचं आणि डोळ्यांना पदर लावायचा. बोलायचं काहीही नाही.

मी काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं होतं, भात, भाजी, सोलकढी. भातातून वाफ निघताना दिसली पाहिजे, असा त्या मुलाचा हट्ट. म्हणजे प्रत्येक वेळी ताजा भात वाढायचा. त्या नटाने संवाद म्हटला, उठला, गेला. झालं वाटलं. कुठलं! उजेड बरोबर नव्हता म्हणे. परत भात, परत वाफ, परत तो उठला. मग कोंबडा आरवला. मग कुणाच्या तरी मोबाईलची घंटी. दर वेळी मी वाढतेय आणि दर वेळी तो पोरगा एक शीतही न खाता उठतोय. सकाळपासून त्याच्या पोटात चहापलीकडे काही नव्हतं, मी स्वतः बघितलं होतं. माझं डोकं भणभणायला लागलं. हातात डाव, समोर वाफाळता भात, आणि पाठमोरा चालत निघालेला तरणाताठा मुलगा. मला कॅमेरा दिसेना, दिवे दिसेनात. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

"खंय चललंस रे मेल्या भरल्या ताटावरसून उठान? आदी जेव, मगे काय तो राग कर!"

तो नट दचकून वळला, माझ्या हातातल्या डावाकडे बघितलं आणि मुकाट्याने येऊन ताटावर बसला. बसला तो बसला, जेवायलाही लागला. बिचारा भुकेला होता हो. मला वाटलं, आता दाढीवाला आपल्याला हाकलून देणार. मी पदर तोंडाला लावून आत पळाले. तर तो मागोमाग आत आला, डोळे पुसत, हसून हसून. म्हणाला, "काकू, हे असंच ठेवतो." त्यांनी कथा वळवली. मालिकेतला मुलगा पोटभर जेवला आणि मग रागावून घर सोडून गेला. लेखकाला काय वाटलं असेल ते त्याचं तोच जाणे.

मालिकेत तो भाग लागला त्या दिवशी अख्खी वाडी टीव्हीसमोर. पापणी लवेपर्यंत संपलं. शेजारीण म्हणाली, "इतक्याच?" मलाही तसंच वाटलं. आम्ही विसरून गेलो.

मग एक दिवस कुडाळला कॉलेजात शिकणारी माझी मुलगी घरी आली ती खिदळतच. "आई, तुझो मीम झालो!" मी विचारलं, हे काय नवीन? तेव्हा तिने पडवीत बसून मला सगळी विद्या शिकवली. कुणी तरी म्हणे मोबाईलवर लिहिलं होतं, साहेबाशी भांडलो, आत्ताच्या आत्ता राजीनामा देतो. त्याच्याखाली कुणी तरी माझा तेवढा तुकडा चिकटवला. लोक हसले. हसलेल्यातल्या एकाने तोच तुकडा मानपानावरून रुसलेल्या आपल्या काकाला लावला. आता मला सांगा, महाराष्ट्रात असं एक तरी लग्न आहे का, जिथे काका रुसत नाही? तिथून जे पेटलं ते पेटलं. सभेतून तरातरा उठून जाणारे पुढारी आणि मागून मी. बाद झालेला बॅट्समन बॅट आपटत निघालाय आणि मागून मी. दुधाच्या वाटीकडे पाठ फिरवून निघालेलं मांजर, आणि मागून मी, हातात डाव.

पुढे पुढे तर गंमतच झाली. कुणी माझं तोंड काढून टाकलं आणि नुसता आवाज ठेवला, त्याला ढोल लावले. वैभववाडीला एका वरातीत त्यावर पोरं नाचली, असं भाचा सांगत आला. कुणी आवाज काढला आणि नुसतं तोंड ठेवलं, डोळे वटारलेलं. मग तेही गेलं आणि नुसते शब्द उरले. नागपुराकडच्यांनी त्याचं "आधी जेव, मंग चिड" केलं. कोल्हापूरकरांनी "आधी जेव की मर्दा" केलं. शेवटी शेवटी तर बोलणाऱ्यांना हे कुठून आलं तेही माहीत नव्हतं. मुलीच्या कॉलेजातल्या एकाने तर तिलाच सांगितलं म्हणे, ही फार जुनी म्हण आहे!

मला राग आला नाही असं नाही. फार आला. मालवणच्या बाजारात मासळी घ्यायला गेले, भाव पटला नाही, मी फणकाऱ्याने वळले, तर कोळीण सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "काकी, आदी जेवा, मगे राग करा!" बांगड्यांच्या टोपल्यांमागच्या सगळ्या बायका खो खो हसल्या. हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून मी तरातरा निघून आले, पण घरी येऊन त्या तुकडा कापणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली. रेडीला बारशाला गेलो होतो, तर तिथे रस्त्यावरच्या एका खानावळीने माझा फोटो पाटीवर लावलेला. विचारलं नाही, सवरलं नाही! मी बारसं सोडून त्याच्याशी भांडायला गेले. तो माणूस मला बघून असा हरखला, की काही बोलायच्या आत त्याने बाकड्यावर बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. कोळंबीचं कालवण इतकं अप्रतिम होतं, की मी कशासाठी आले होते ते सोलकढीच्या वेळेला आठवलं. तोवर उशीर झाला होता. पोट भरल्यावर भांडणात जीव राहत नाही.

ह्या सगळ्यात एक माणूस हसला नाही. आमचे हे. मुलीने पहिल्यांदा तो तुकडा लावला, आम्ही सगळे हसलो, आणि हे उठून गोठ्यात गेले. गुरांना वैरण आधीच घातलेली होती. मुलीला वाटलं, बाबांना आवडलं नाही, बायको अशी टीव्हीवर ओरडलेली. मला मात्र पुरतं कळलं होतं, त्या भरल्या ताटावरून उठणाऱ्या पोरात त्यांना कोण दिसलं ते. मला तरी त्या दिवशी पडवीत दुसरं कोण दिसलं होतं?

दोडामार्गला माझी धाकटी जाऊ आहे. भाऊ भावाशी बोलत नसले तरी आम्ही दोघी फोनवर बोलायचो, लोणच्यापासून पोरांच्या तापापर्यंत. एके संध्याकाळी तिचा फोन आला. आवाज बारीक केलेला.

"वयनी, तुका एक सांगतंय. कंपनीत जाताना बशीत पोरा रोज तुझा ता लावतत. कोण रागावलो की लावतत, कोण रुसलो की लावतत. हे हसनत नाय, बोलनत नाय. खिडकीतसून भायर बघत बसतत, असा ह्यांचो दोस्त सांगी होतो."

म्हटलं, घ्या! आधीच जखम, आणि मी जगभर त्यावर मीठ पेरत सुटलेय. ह्याला वाटत असणार, वयनीने माझ्या दुःखाचा तमाशा केला. आता तो उंबऱ्यापर्यंत यायचा तोही यायचा नाही. त्या रात्री मला भाताचा घास गिळवेना. मुलीला म्हटलं, हे सगळं पुसून टाकता येतं का बघ. ती म्हणाली, "आई, आता ता कोणाच्या हातात नाय." पहिल्यांदाच मला त्या गोष्टीची भीती वाटली.

काही दिवसांनी जावेचा परत फोन. ह्या वेळी ती रडत होती की हसत होती, मला सांगता येणार नाही.

"वयनी, आज बशीत कोणी तरी म्हणालो, ही बाई कोण असात रे, काय दणको आसा आवाजाक! तर हे उठान उभे रवले आणि म्हणाले, 'ती माझी वयनी आसा.'"

एवढंच बोलला म्हणे आणि खाली बसला. मग सगळ्या बसने त्याला घेरलं. खरंच? कुठे राहते? आणि एका पोराने विचारलं, "मगे तुका पण ती अशी जेवक बसयता?"

मे महिन्यात एक दिवस मी दारातल्या खळ्यात आमसुलं सुकत घालत होते. हात कोपरापर्यंत लाल. ऊन मी म्हणत होतं. वर बघते तर दीर. खांद्यावर केळीचा घड, अंगातला सदरा घामाने चिकटलेला. घड त्याने पडवीच्या कठड्याला टेकवून ठेवला. मी काही विचारायच्या आत म्हणाला,

"वयनी, जेवक वाढ."

आता देवाची थट्टा बघा. ज्या दिवसासाठी मी इतकी वर्षं नवस बोलत होते, त्या दिवशी घरात काय? कुळथाची पिठी, भात आणि भाजलेला सुका बांगडा. बस्स! मी म्हटलं, "भावजी, तुमी जरा बसा, मी वडे घालतंय, कोंबो कापूक सांगतंय." तो म्हणाला, "काय नको. काय आसा ता वाढ. भूक लागली माका."

आमचे हे आतून आले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मी दोन ताटं घेतली, शेजारी शेजारी. घाईत वाढताना पिठी ताटाबाहेर सांडली. दिराने भात कालवला. पहिला घास उचलला आणि क्षणभर हात तसाच राहिला. मग घास तोंडात गेला. तो चावला, गिळला, आणि दुसरा घेतला. मी चुलीकडे तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. पदर, गाल, सगळं आमसुलाच्या रसाने लाल झालं.

त्या वेळी मला खरोखर त्या सगळ्यांची आठवण आली. तो तुकडा कापणारा, ढोल लावणारा, मांजराला जोडणारा, बसमधली पोरं, तो खानावळवाला, ती कोळीणसुद्धा. मला जे घरात म्हणता आलं नव्हतं, ते ह्या ओळखीपाळखी नसलेल्या लोकांनी हसत खिदळत दोडामार्गला नेऊन पोचवलं. रोज पोचवलं, कंटाळले नाहीत. त्यांना माहीतही नाही. देव त्यांच्या पानात कधी काही कमी न करो.

जेवताना दोघे एकच वाक्य बोलले. आमचे हे घडाकडे बघून म्हणाले, "भरलो बरो." आणि दीर म्हणाला, "हां."

मला वाटलं, झालं, मिटलं. कसलं मिटतंय! दिराने हात धुतले, तोंड पुसलं, खळ्यात जाऊन उभा राहिला आणि असा काही कडाडला, की कठड्यावरची कोंबडी उडाली.

"जेवताना बोललंस तू माका! जेवताना! आवस बसलेली, वयनी वाढूक उभी, आणि तू माझो घाम काडलंस!"

"बोललंय! मगे?" आमचे हेही बाहेर. "तू काय कमी बोललंस? आवशीच्या तेराव्याक शेजाऱ्याकडे पाणी पिलंस! माझी मान खाली घातलंस साऱ्या गावात!"

इतक्या वर्षांचं सगळं निघालं. मळा निघाला, केळी निघाली, लहानपणीची एक सायकल निघाली जी मला ठाऊकही नव्हती. शेजारीण कुंपणाच्या गडग्यावरून डोकावून विचारायला लागली, काय झाला गो? मी तिला हातानेच सांगितलं, जा, काही नाही. खरं म्हणजे माझं सगळं चित्त त्या आवाजांत होतं. आमच्या ह्यांचा एवढा मोठा आवाज मी त्या दुपारनंतर कधी ऐकलाच नव्हता. माझ्या घरात दोन भाऊ भांडत होते आणि मी चुलीपाशी बसून कान भरून ऐकत होते.

शेवटी आमचे हे सगळी ताकद लावून ओरडले, "चुकलंय! म्हणतंय ना चुकलंय! आता काय पाय धरू तुझे?"

मग काहीच ऐकू येईना. मी उठून दारात आले. हे खाली मान घालून उभे होते. दीर कठड्यावर बसला होता, पाठ माझ्याकडे, आणि त्याचे खांदे हलत होते. मग त्याने बाहीने नाक पुसलं, आणि न वळता मला विचारलं,

"वयनी, रातीक काय रांदतलंस?"